मुलांचे वागणे, आई-वडिलांचा वेळ आणि आपली भीड

उत्तरवात
नमस्कार. आम्ही दोघेही गोथेनबर्गमध्ये नोकरी करतो. मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याचा जन्म इथलाच आहे. या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे सांगलीहून येऊन राहिले. सासरे शांत स्वभावाचे आहेत, तक्रार करणे त्यांना आवडत नाही. पण निघण्याच्या आधी ते एवढे म्हणाले, की नातू गुणी आहे, प्रेमळ आहे, मात्र त्याला मोठ्यांची जाण नाही. शेजारच्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांना तो नुसत्या नावाने हाक मारतो. पाहुणे आले की एकदा हात हलवतो आणि आपल्या खेळाकडे वळतो. आजीने दुसऱ्यांदा वाढायला घेतले की "नको, पोट भरले" म्हणून उठतो. सासऱ्यांच्या एका मित्राने गालगुच्चा घेतला, तेव्हा "मला हे आवडत नाही" असे त्याने स्पष्ट सांगितले.

आता दुसरी बाजू पाहा. शाळेच्या पालकसभेत याच मुलाला अतिशय सौजन्याने वागणारा मुलगा म्हटले गेले. तो दुसऱ्याचे बोलणे तोडत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबतो, जेवण झाल्यावर वाढणाऱ्यांना "ताक फोर मातेन" म्हणून जेवणाबद्दल आभार मानतो, आणि नको असलेल्या गोष्टीला न ओरडता नकार देतो. आजोबांना जे खटकले, त्यातले बरेचसे त्याला इथे काळजीपूर्वक शिकवले गेले आहे.

माझी नणंद पुण्यात असते. तिची मुलगी साधारण याच वयाची आहे. ती पाहुण्यांना वाकून नमस्कार करते, आजोबांना अहो-जाहो करते, घरात सगळे तिचे कौतुक करतात. पण नणंद आणि तिचे यजमान रात्री साडेआठनंतर घरी पोहोचतात. मुलीची शाळा सोडली तर दिवस आजी-आजोबांबरोबर जातो. नणंद मला म्हणाली, "वहिनी, हिचे सगळे चांगले गुण मला दुसऱ्यांकडून कळतात."

आम्हाला वेळ मिळाला, हे खरे आहे. स्वीडनमध्ये एका मुलामागे आई-वडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकरजा मिळते, आणि त्यातले प्रत्येकी ९० दिवस जोडीदाराला देता येत नाहीत. मूल आठ वर्षांचे होईपर्यंत कामाचे तास एक चतुर्थांशाने कमी करून मागण्याचा हक्क आहे. आम्ही तिघे रोज संध्याकाळी सहाच्या आत एकत्र जेवतो.

माझे मत असे झाले आहे, की मूल ज्यांच्यासोबत संध्याकाळ घालवते, त्यांचे सौजन्य ते उचलते. मग ज्या आई-वडिलांच्या हाती दिवसातला एखादाच तास उरतो, त्यांनी त्या तासात मुलाला वळण लावावे, की नुसते त्याच्याजवळ बसावे? आणि दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलाला नेमके कोणते वळण लावावे? आपले अनुभव वाचायला आवडतील.

कृष्णाकाठ
ताई, विषय चांगला मांडलात. मी तुमच्या सासऱ्यांच्या पिढीचा आहे आणि त्यांच्याच बाजूने लिहितो आहे. वाकून नमस्कार करणे हा केवळ देखावा आहे असे अलीकडे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. मूल वाकते तेव्हा त्याच्या डोक्यावर कोणाचा तरी हात येतो, कोणीतरी त्याला आशीर्वाद देते, आणि आपल्या आधीही माणसे होऊन गेली आहेत हे त्याला कोणी न सांगता समजते. हात हलवण्यातून ते समजत नाही. गालगुच्च्याबाबत मात्र मुलाचे बरोबर आहे. आम्हालाही लहानपणी तो आवडत नसे, पण बोलण्याची सोय नव्हती.

शब्दांकुर
उत्तरवात ताई ज्या स्वीडनबद्दल लिहीत आहेत, तो स्वीडनही फार जुना नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथे समोरच्या माणसाला थेट "तू" म्हणणे उद्धटपणाचे मानले जाई. हुद्दा किंवा पदवी घेऊन तृतीय पुरुषात बोलावे लागे. डॉक्टरांशी बोलतानाच "डॉक्टरांना काय वाटते?" असे विचारावे लागे. १९६७ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना नावाने आणि एकेरीत संबोधणार असल्याचे जाहीर केले. बदलाला सुरुवात आधीच झाली होती, पण हा प्रसंग त्याची खूण ठरला, आणि काही वर्षांत देशभर एकेरी संबोधन रूढ झाले. म्हणजे ताईंच्या शेजारचे ते पंचाहत्तरीचे गृहस्थ लहानपणी स्वतः हुद्दा लावून बोलत असणार आणि तरुणपणी त्यांनी ते सोडले असणार. नावाने हाक मारणाऱ्या मुलात त्यांना अनादर दिसत नसेल.

आपल्याकडेही हे घडले आहे. माझे वडील आजोबांना "अहो बाबा" म्हणत, मी वडिलांना "अहो" म्हणतो, आणि माझा मुलगा मला "ए बाबा" म्हणतो. या तीन पिढ्यांत आदर कमी झाला, असे मला वाटत नाही. अंतर मात्र कमी झाले.

कोकणवाट
आमच्या मालवणकडे आजीला आणि आईला एकेरीतच हाक मारतात. पण आमची आजी जेवल्याशिवाय घरातले कोणी ताट घेत नसे. आदर कुठे पाहायचा, हे प्रत्येक घराचे वेगळे असते.

हिंजवडीचा प्रवासी
ताईंनी विचारलेल्या एका तासाबद्दल लिहितो, कारण माझ्या वाट्याला तेवढाच येतो. आमचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहेत. त्यांची सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे मागे गेली की साडेसातला जाते. म्हणजे हिवाळ्यात मुलीच्या जेवणाची वेळ आणि माझ्या बैठकीची वेळ एकच होते. मी घरात असतो, पण दार बंद असते.

तरीही वळण लावण्यासाठी वेगळा तास काढावा लागतो, हे मला पटत नाही. मुले शिकतात ती आपल्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या वेळात. भाजीवाल्याशी मी कसा बोलतो, सोसायटीच्या पहारेकऱ्याने दार उघडले तर मान वर करून त्याच्याकडे पाहतो का, जेवण घेऊन आलेल्या मुलाला पावसात किती वेळ उभे करतो, हे सगळे मुलगी पाहत असते. हे घडायला आपण मुलांसोबत भाजी आणायला जावे लागते. भाजी घरपोच आली की वेळ वाचतो, पण मुलांना दाखवण्याचा तो प्रसंगही जातो.

आणखी एक निरीक्षण आहे, ते थोडे कठोर वाटेल. आमच्या इमारतीत वाकून नमस्कार करणारी अनेक मुले आहेत. त्यांतलीच काही आपल्या आईपेक्षा मोठ्या असलेल्या धुण्याभांड्याच्या मावशींना "ए, पाणी दे" म्हणतात. ज्या सौजन्याला समोरच्याचा दर्जा आधी विचारावा लागतो, ते मला अपुरे वाटते. त्या बाबतीत स्वीडनच्या शाळेने ताईंच्या मुलाला जे शिकवले, ते आपल्याकडे यायला हवे.

माजघर
मी नाशिकला असते. मुलगा आणि सून दोघे नोकरी करतात, नातवाला मी सांभाळते. नणंदेच्या मुलीचे कौतुक वाचले, पण तिला सांभाळणाऱ्या आजीबद्दल कोणी काही लिहिले नाही, म्हणून लिहिते.

साठी उलटल्यावर लहान मुलामागे धावणे सोपे नसते. गुडघे दुखतात, दुपारची झोप जाते. तरी मी त्याला दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायला बसवते, ताटात टाकायचे नाही हे शिकवते, कोणी आले की पाणी आणून द्यायला लावते. माझ्याशी तो शहाण्यासारखा वागतो. पण संध्याकाळी आई दारात आली की तोच मुलगा हट्ट करतो, चप्पल फेकतो, कधी तिच्या अंगावर हात उगारतो. सुनेला वाटते की आपण वाईट आई आहोत. मला तसे वाटत नाही. दिवसभर त्याने स्वतःला आवरून धरलेले असते आणि ज्या माणसापाशी ते सोडून देता येईल, ते माणूस आल्यावर तो सोडून देतो. अशा वेळी त्याला "आईशी असे बोलतात का?" म्हणून रागावण्यापेक्षा सुनेने त्याला जवळ घ्यावे, असे मी तिला सांगते. चहा मी करते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की तो एक तास वळण लावण्यात घालवू नका.

कृष्णाकाठ
माजघर ताई, चप्पल फेकणाऱ्या मुलाला रागवायचेही नाही, हे मला जड जाते.

माजघर
रागवायचे, पण त्याने दूध प्यायल्यावर.

पेकनची सावली
आम्ही टेक्ससमध्ये आहोत. अमेरिका म्हणजे सगळीकडे मोकळेपणा, असा आपल्याकडे समज असतो. दक्षिणेकडच्या राज्यांत मुलांनी मोठ्यांना "येस सर", "येस मॅम" म्हणणे अजूनही अपेक्षित असते, आई-वडिलांनासुद्धा. शेजारच्या लुइझियाना राज्याने तर १९९९ मध्ये असा कायदाच केला, की सरकारी शाळांतल्या लहान वर्गांतल्या मुलांनी शिक्षकांना सर किंवा मॅम, अथवा आडनावाआधी योग्य उपपद लावूनच संबोधावे. आमच्या मुलीला सासऱ्यांच्या कसोटीवर पूर्ण गुण मिळतील.

वेळेचे विचाराल तर त्याच देशात बाळंतपणासाठी सर्व नोकरदारांना पगारी रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, तीही मुख्यतः ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी आणि तिथे किमान वर्षभर काम केलेले असेल तर. माझी पत्नी सातव्या आठवड्यात कामावर रुजू झाली, कारण घराचे हप्ते थांबत नव्हते. मुलांनी मोठ्यांना मान द्यावा, याची एवढी काळजी घेणाऱ्या समाजाने लहान बाळाजवळ आई राहावी याची काळजी घेतली नाही, याचे मला आजही दुःख आहे.

गोदातीर
उत्तरवात ताई, विषयाला थोडा फाटा फोडते. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर एक मोठा वाद झाला होता. स्वीडनमध्ये मुलांचा मित्र खेळायला आला आणि जेवणाची वेळ झाली, तर घरचे लोक जेवायला बसतात आणि पाहुणा मुलगा दुसऱ्या खोलीत थांबतो, असे कोणीतरी लिहिले होते आणि जगभरचे लोक चकित झाले होते. हे खरे आहे का? माझ्या आईला सांगितले तर तिचा विश्वासच बसेना.

उत्तरवात
गोदातीर, खरे आहे, निदान मागच्या पिढीपर्यंत खरे होते. अनेक स्वीडिश सहकाऱ्यांनी लहानपणीची अशी आठवण सांगितली आहे. हल्ली बरेच लोक आधी फोन करून मुलाला जेवायला थांबवून घेतात. पण त्यामागचे कारण मी विचारले, तेव्हा जे ऐकायला मिळाले, त्याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. त्या मुलाच्या घरी त्याची आई किंवा वडील कामावरून येऊन स्वयंपाक करत असतात. संध्याकाळचे जेवण ही त्या कुटुंबाची एकत्र बसण्याची वेळ असते. आपण त्यांना न विचारता मुलाचे पोट भरून पाठवले, तर ते घरी भूक नसताना ताटावर बसेल आणि त्या घराची संध्याकाळ आपण हिरावून घेतल्यासारखे होईल. म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला न वाढणे, यात त्यांना दुसऱ्याच्या घराचा आदर दिसतो.

मी स्वतः मात्र कोणत्याही मुलाला उपाशी बसवू शकत नाही. त्याच्या घरी फोन करते आणि वाढते.

माजघर
कारण कळले, पण बाजूच्या खोलीत लहान मूल बसले असताना माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. त्यांची पद्धत त्यांना लखलाभ.

शब्दांकुर
तरीही उत्तरवात ताईंच्या या उत्तराने माझी एक समजूत बदलली. आपण सौजन्य मोजतो ते समोरच्याला काय दिले यावर: पाणी, चहा, आग्रह, वेळ. तिथे ते समोरच्याचे काय घेतले नाही यावर मोजतात, आणि त्यात वेळही येतो. आपल्याकडे न कळवता पाहुणे येतात आणि आपण आनंदाने सगळे बाजूला ठेवतो. हे मला प्रिय आहे. पण बाजूला ठेवलेल्या गोष्टींत मुलाचा अभ्यास आणि त्याला ऐकवायची गोष्टही असते, हे पाहुण्याच्या लक्षात येत नाही.

पाटीपेन्सिल
मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. चर्चा मनापासून वाचली. कामावर जाणारे आई-वडील म्हटले की इथे सर्वांच्या डोळ्यांपुढे कार्यालयात जाणारी माणसे येत आहेत, म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांच्या आई-वडिलांबद्दल लिहितो.

दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची, म्हणजे ऊसतोड मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते आणि गावे अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचलही (आगाऊ रक्कम) त्या कोयत्यावर घेतलेली असते, त्यामुळे आईने मुलांसाठी मागे राहायचे हा पर्यायच नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ते पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. मुले सोबत गेली तर शाळा बुडते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, पण फड हलला की मूलही हलते. मुले गावात राहिली तर आजी-आजोबांकडे राहतात, आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. माझ्या वर्गातली बरीच मुले अशी राहतात.

या मुलांच्या वागण्याबद्दल सांगतो. ती अतिशय विनयाने वागतात. "गुरुजी, येऊ का?" विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. लहान भावंडाला आधी वाढतात. कोणी मोठे माणूस आले की जागा करून देतात. बाहेरून आलेले अधिकारी त्यांचे कौतुक करतात. मला मात्र त्या विनयाची काळजी वाटते. मागायचे नाही, रडायचे नाही, आजीला त्रास द्यायचा नाही, हे त्यांना फार लवकर कळलेले असते. पोट दुखत असले तरी सांगत नाहीत. उत्तरवात ताईंचा मुलगा "मला हे आवडत नाही" असे म्हणू शकतो, हे वाचून मला बरे वाटले. माझ्या वर्गात ते वाक्य मी मुलांकडून मुद्दाम म्हणून घेतो.

आई-वडील परत येतात तेव्हा लहान मुले आधी लांब उभी राहतात. एका आईने मला विचारले होते, "गुरुजी, पोरगं मला अवं म्हनतंय, पाव्हन्याला म्हनल्यासारखं. आसं कसं झालं?" तिला आदर नको होता.

तेव्हा सौजन्य आणि वेळ यांचे नाते सरळ नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. वेळ मिळाला नाही म्हणून मूल उद्धट होते असे नाही. पुष्कळदा ते नको तितके शहाणे होते.

हिंजवडीचा प्रवासी
गुरुजी, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आपण मुलांकडून ते वाक्य म्हणून घेता, यासाठी आपले मनापासून आभार.

उत्तरवात
गुरुजी, सहमत आहे. ज्यांच्यासोबत संध्याकाळ जाते त्यांचे सौजन्य मूल उचलते, असे मी लिहिले होते. पण त्या संध्याकाळी कोण नाही, यावरूनही मूल वागायला शिकते, हे आपण दाखवून दिलेत.

आकडेमोड
वेळेचा विषय आहे, म्हणून एक नोंद. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले, की घरातल्यांची काळजी घेण्याच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे. घरकामात हा फरक २९९ आणि ९७ मिनिटांचा आहे. या पाहणीतली काळजी केवळ मुलांची नाही, आजारी आणि वृद्धांचीही आहे. "आई-वडिलांचा वेळ" असा एकच शब्द आपण वापरतो, तेव्हा त्यात किती वाटा आईचा असतो, हे लक्षात ठेवावे.

कायद्याचेही सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, हेही त्यात आले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्वरजा आहे. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी असा कायदा नाही. वडिलांना सुरुवातीचे दिवसच दिले नाहीत, तर पुढे त्यांनी मुलाची भाषा समजून घ्यावी ही अपेक्षा कशी करावी?

ऱ्हाइनकाठ
आम्ही जर्मनीत कलोनजवळ राहतो. इथे मोठ्यांना बहुवचनी संबोधन आहे, शाळेत शिक्षकांना आडनावाने हाक मारतात, त्यामुळे आपल्या लोकांना संबोधनाची अडचण फारशी येत नाही. मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे.

रविवारी इथे दुकाने बंद असतात. त्या दिवशी भिंतीला भोक पाडायचे यंत्र चालवायचे नाही, गवत कापायचे नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायच्या नाहीत. सुरुवातीला मला हे जाचक वाटे. नंतर लक्षात आले, की या नियमांमुळे रविवारी घरातले सगळे खरोखर घरात असतात. तसेच कामाचे. माझ्या मुलाच्या जन्मानंतर मी दोन महिन्यांची पालकरजा घेतली. २००७ मध्ये पालकभत्ता सुरू झाला तेव्हापासून आई-वडील दोघांनी रजा घेतली तर एकूण भत्ता १२ ऐवजी १४ महिने मिळतो. त्या दोन महिन्यांत वरिष्ठांनी मला एकदाही फोन केला नाही. रजेवरच्या माणसाला फोन करणे त्यांच्या दृष्टीने असभ्यपणाचे होते.

आता मी पुण्यात नोकरी करत होतो तेव्हाचे सांगतो. सहाला काम संपलेले असे. पण साहेब बसलेले असताना आपण उठायचे कसे, म्हणून सगळे बसून राहत. साहेबही बहुधा आपल्या साहेबांसाठी बसलेले असत. रात्री नऊला फोन आला तर घेतलाच पाहिजे, कारण न घेणे उद्धटपणाचे दिसेल. कोणी स्पष्ट सक्ती केली नव्हती. सगळा भिडेचा कारभार होता. आपण इथे मुलांच्या सौजन्याची चर्चा करतो आहोत, पण मुलांच्या संध्याकाळी गेल्या त्या आपल्या स्वतःच्या सौजन्यापायी. जर्मनीत चार वाजता "मुलाला आणायला जायचे आहे" असे सांगून माणूस उठतो, आणि त्याला कोणी क्षमा मागायला लावत नाही.

शब्दांकुर
ऱ्हाइनकाठ, या धाग्यावरचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद. मोठ्यांपुढे "नको" म्हणायचे नाही, हे वळण लागलेले मूलच पुढे साहेबांपुढे बसून राहते आणि त्याच्या मुलाला संध्याकाळी वडील मिळत नाहीत. कृष्णाकाठ काका, यावर आपले मत वाचायला आवडेल.

कृष्णाकाठ
मत विचारलेत म्हणून सांगतो. मी सहकारी बँकेत नोकरी केली. साहेब उठल्याशिवाय उठलो नाही, हे खरे आहे. पण त्याचा दोष नमस्काराला देऊ नका. वडीलधाऱ्यांपुढे वाकणे आणि वरिष्ठांपुढे गप्प बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एक केल्या, ही आपल्या पिढ्यांची चूक आहे. ज्यांनी इंग्रजांपुढे मान झुकवली नाही, ते घरी आईच्या पाया पडतच होते. उत्तरवात ताई, मुलाला नमस्कार शिकवा आणि त्याचे "आवडत नाही" हेही राहू द्या. दोन्ही एका मुलात राहू शकतात.

पेकनची सावली
काकांशी पूर्ण सहमत.

कोकणवाट
मीही सहमत आहे. एक विचारायचे राहिले. स्वीडनमध्ये आता पालकरजेचे काही दिवस आजी-आजोबांना देता येतात, असे ऐकले. मग उत्तरवात ताईंच्या सासू-सासऱ्यांनी ते घेऊन तिकडे राहावे की!

उत्तरवात
कोकणवाट, जुलै २०२४ पासून तसा नियम झाला आहे. दोघांकडे मुलाचा ताबा असेल तर प्रत्येक पालकाला ४५ दिवसांपर्यंतचा भत्ता दुसऱ्या कोणाला देता येतो. पण घेणारी व्यक्ती इथल्या सामाजिक विम्यात असावी लागते. पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या सांगलीच्या आजी-आजोबांना त्याचा उपयोग नाही. इथल्या स्वीडिश आजी-आजोबांना होतो.

कृष्णाकाठ काका, आपला शेवटचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला. नमस्काराबद्दल त्यांना पटले. गालगुच्च्याबद्दल त्यांनी मित्राशी बोलायचे कबूल केले आहे. मी मुलाशीही बोलले. शेजारच्या गृहस्थांना तो नावानेच हाक मारेल, कारण त्यांना तेच हवे आहे. आजोबांचे मित्र आले की तो उठून उभा राहील, कारण त्यांना ते हवे आहे. "प्रत्येकाला काय आवडते ते विचारायचे का?" असे त्याने विचारले. मी हो म्हटले. नमस्कार करताना कोणी गाल ओढणार नाही ना, एवढे त्याने खात्री करून घेतले.

माजघर
आणि नणंदेचे काय? तिच्याबद्दल कोणी काही सुचवले नाही.

उत्तरवात
माजघर काकू, तिला मी हा धागा पाठवला आहे. तिच्या कंपनीत पाळणाघर आहे, पण मुलगी आता मोठी आहे. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याबद्दल ती वरिष्ठांशी बोलणार आहे, आणि त्या दोन दिवशी शाळेच्या बसपाशी आजोबांऐवजी स्वतः जाणार आहे. तिच्या यजमानांनीही एक दिवस घ्यावा, असे मी सुचवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

हिंजवडीचा प्रवासी
ऱ्हाइनकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी एक गोष्ट केली, ती सांगतो. आमची रोजची बैठक त्यांच्या सकाळी साडेसातला, म्हणजे हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला घेता येईल का, असे तिकडच्या प्रमुखांना लिहिले आणि कारणही स्पष्ट लिहिले, की मला मुलीबरोबर जेवायचे आहे. त्यांनी लगेच उत्तर दिले, की त्या वेळी ते आपल्या मुलाला शाळेत सोडायला जातात, त्यामुळे जमणार नाही. इतकी वर्षे आम्ही एकत्र काम करतो आहोत, पण त्यांना मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हते आणि मला मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी असे ठरले, की मंगळवारी आणि गुरुवारी बैठक घ्यायची नाही, कामाची स्थिती लेखी कळवायची. सोमवारपासून सुरुवात आहे. बाकीच्या तीन दिवसांचे काय करता येईल, ते संघातल्या इतर पालकांशी बोलून ठरवतो आणि इथे कळवतो.